डोळ्याचे राखणदार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा दिवस हळदीकुंकवाचा, गाण्यांचा आणि पाककृतींच्या स्पर्धेचा. अशा आनंदाच्या दिवशी मध्येच उभे राहून डोळ्यांवरच्या सूक्ष्म जंतूंविषयी बोलणे म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. पण चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतकी वर्षे शाळेत शास्त्र शिकवलंत. यंदा काही उपयोगाचं सांगा." मी लगेच होकार दिला. एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांपासून आपल्यापुढे सांगावयाची होती. ती सांगण्यास उशीर झाला, कारण तीत चूक माझीच आहे.

२०११ सालची गोष्ट. कार्तिक महिना होता, आणि आपल्या मुळशीत कार्तिक म्हणजे काय हे मी आपणांस सांगावयास नको. खळ्यावर भाताचे भारे पडलेले, आभाळाचा भरवसा नाही, आणि घरातले झाडून सारे झोडणीला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, वयाच्या पासष्टीतही कोणाला ऐकावयाच्या नाहीत. पेंढी झोडताना भाताचे पाते उडून त्यांच्या उजव्या डोळ्याला लागले. त्यांनी पदराने डोळा पुसला, दोन सपके पाण्याचे मारले आणि पुन्हा पेंढी उचलली. मी म्हटले, "आत्याबाई, दवाखान्यात जाऊन येऊ या का?" त्या म्हणाल्या, "भात काय दवाखान्यात झोडायचं? पाऊस आला म्हंजी?"

रात्री डोळा लाल झाला. शेजारच्या काकूंनी मध घालावयास सांगितले, तो घालून झाला. तिसऱ्या दिवशी पाणी वाहू लागले, उजेड सहन होईना. आता माझी पाळी आली. घरात फडताळात थेंबांची एक बाटली होती. आमच्या ह्यांच्या डोळ्यांना मागे खाज येत असे, तेव्हा आणलेली. बाटलीवर मुदत लिहिली होती, ती मी वाचली. मुदत संपलेली नव्हती. औषधाचे नाव मात्र वाचूनही न वाचल्यासारखे केले. डोळ्याचे औषध ते डोळ्याचे औषध, असे मी मनाशी म्हटले आणि माझ्या हाताने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले.

दोन दिवसांत लाली उतरली. आत्याबाई खुशीत. "सुनबाईच्या हाताला गुण आहे," असे त्यांनी चार जणींना सांगितले. मलाही बरे वाटले. आठव्या दिवशी सकाळी चूल पेटवताना त्या मला म्हणाल्या, "अगं, या डोळ्यापुढं धुकं आलंय." मी उजेडात नेऊन पाहिले तो काळ्या बुबुळावर मुगाच्या डाळीएवढा पांढरा ठिपका.

मग मात्र धावाधाव झाली. पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून डोळा बधिर केला, बुबुळावरच्या त्या ठिपक्याचा अगदी कणभर भाग खरवडून काचेवर घेतला, त्यावर एक थेंब रसायन टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी शास्त्राची शिक्षिका असे कळल्यावर त्यांनी मलाही पाहू दिले. भगिनींनो, शाळेत मी मुलांना पावावरची बुरशी किती वेळा दाखवली असेल! तीच फांद्या फुटलेली बारीक सुतळी मला तेथे दिसली. ती माझ्या सासूच्या डोळ्यातली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरी काही घातलंत का?" मी पिशवीतून बाटली काढून दिली. त्यांनी ती वाचली, खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले की, हे स्टिरॉइडचे थेंब आहेत, बुरशीला याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

पुढे दीड महिना दर तासाला, आणि मागाहून दर दोन तासांनी, नॅटामायसिनचे थेंब घालावे लागले. डोळा वाचला, पण त्यात फूल पडले ते पडलेच. उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत असे. बुबुळ बदलण्याचा मार्ग डॉक्टरांनी सुचवला, पण आत्याबाईंनी मानेनेच नकार दिला. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पुढे सात वर्षे आमच्यात होत्या. तांदूळ निवडावयास बसल्या म्हणजे सूप डाव्या बाजूला ओढून घेत. ते सूप सरकवण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

असो. हे सांगण्याचा हेतू आपल्या डोळ्यांत पाणी आणणे हा नव्हे. त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला. बुरशी आणि जंतू हवेत, मातीत, आपल्या हातांवर सर्वत्र आहेत. डोळा तर दिवसभर उघडा. मग रोज कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात फूल का पडत नाही? तेथे राखण कोण करतो? या प्रश्नाचे उत्तर मी जमेल तसे वाचून काढले. तेच आज आपल्यापुढे मांडते.

पहिला राखणदार म्हणजे पापणी. ती दर मिनिटाला दहा-पंधरा वेळा मिटते आणि अंगण झाडावे तसे बुबुळ झाडून काढते. दुसरा राखणदार अश्रू. आपण समजतो अश्रू म्हणजे खारे पाणी. पण लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग, ज्यांनी पुढे १९२८ साली पेनिसिलीन शोधले, त्यांनी १९२२ मध्येच दाखवले होते की, अश्रूंत जंतूंना विरघळवून टाकणारे एक द्रव्य असते. त्याला लायसोझाइम म्हणतात. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून फ्लेमिंग आपल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवून त्यांना रडवीत असत. आपल्याकडे कांदे चिरून हे काम सहज झाले असते!

तिसरा राखणदार मोठा नवलाचा. आपल्या आतड्यांत जंतू असतात आणि ते पचनाला मदत करतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. ताकदह्याचा महिमा आपण त्यावरूनच सांगतो. पण निरोगी डोळ्यावरसुद्धा जंतूंची वस्ती असते का? पुष्कळ वर्षे डॉक्टर कापसाची काडी डोळ्याच्या कडेवरून फिरवून ती पोषक द्रव्याच्या बशीत टेकवीत आणि काय उगवते ते पाहत. थोडेसेच उगवत असे, कित्येकदा तर काहीच नाही. अलीकडे जंतू उगवावयाची वाट न पाहता त्यांची जनुकेच वाचण्याची रीत निघाली. त्यावरून दिसले की, डोळ्यावर वस्ती आहे, पण फार विरळ. चेहऱ्याच्या त्वचेवर किंवा गालाच्या आतल्या अस्तरावर जेवढे जंतू सापडतात त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतके. त्यांत त्वचेवर राहणारे काही स्टॅफिलोकॉकस आणि कोरिनेबॅक्टेरियम या जातीचे जंतू बहुधा असतात.

येथेच संशोधकांची खरी पंचाईत आहे. मोठ्या परातीत चारच दाणे सापडले, तर ते परातीतलेच की सुपाला चिकटून आलेले, हे कसे ठरवावे? काडीवर, पाण्यात, प्रयोगशाळेच्या हवेतही जंतूंचे अंश असतातच. म्हणून चांगले संशोधक कोऱ्या काडीचीही तीच परीक्षा करतात आणि तिच्यात जे सापडेल ते हिशेबातून वजा करतात. तरीही वाद उरतोच: डोळ्यावरचे हे जंतू गावकरी की वाटसरू? काही खरोखर तेथे घर करून राहतात, आणि काही हातावरून, वाऱ्यावरून येतात व अश्रूंबरोबर वाहून जातात, असे सध्या मानतात.

२०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेत रेचेल कास्पी व अँथनी सेंट लेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांच्या डोळ्यांवर कोरिनेबॅक्टेरियम जातीचा एक जंतू कायम वस्ती करून राहतो असे त्यांना आढळले. हा जंतू डोळ्याला अपाय करीत नाही. उलट त्याच्या असण्याने शरीराच्या रक्षक पेशी जाग्या राहतात आणि अश्रूंत जंतुनाशक द्रव्ये अधिक येतात. ज्या उंदरांच्या डोळ्यांवर तो होता त्यांना बुरशीचा आणि दुसऱ्या एका घातक जंतूचा उपद्रव कमी झाला. ज्यांच्या डोळ्यांवर तो नव्हता, किंवा औषधाने मारून टाकला, ते लवकर बळी पडले. उंदराचे ते सगळे माणसाला लागू असे नाही. पण गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. गावच्या वेशीवर एखादा गरीब बिचारा राहावा, त्याच्या येण्याजाण्याने कुत्री भुंकत राहावीत आणि त्यामुळे चोर फिरकू नये, तसे हे आहे.

आपल्या देशातही हे काम होत आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. शिवाजी सिसिंती व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या डोळ्यांवरची बुरशी आणि बुबुळात बुरशीचा व्रण झालेल्या रोग्यांच्या डोळ्यांवरची बुरशी यांची तुलना केली व ती २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. निरोगी डोळ्यांवरही बुरशीचे अंश सापडतात, पण आजारी डोळ्यावरची सारी वस्तीच पालटलेली असते, असे त्यांना दिसले. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. म्हणजे आत्याबाईंच्या डोळ्याला पाते लागण्याआधीही बुरशी येऊन जाऊन असणारच. पण भिंत धड होती, राखणदार जागे होते, तोवर तिचे काही चालले नाही. पात्याने भिंतीला चीर पाडली. आणि राखणदारांना झोपवले ते माझ्या थेंबांनी.

भगिनींनो, माझ्या साऱ्या भाषणातले एकच वाक्य घरी न्यावयाचे असेल तर हे न्या: डोळ्याची लाली हा नुसता रोग नव्हे, ती राखणदाराची हाक आहे. स्टिरॉइडचे थेंब ती हाक बंद करतात. योग्य रोगात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते मोठे गुणकारी औषध आहे. पण जेथे चोर घरात शिरला आहे तेथे ते घालणे म्हणजे राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबणे होय. दोन दिवस शांतता वाटते. ती शांतता चोराच्या सोयीची असते.

आता दुसऱ्या प्रकारचा उपद्रव. २०२३ च्या जुलैत आळंदीला डोळ्यांची साथ आली, आणि हजारोंचे, त्यांतही मुलांचे, डोळे आले. तेथले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासले तेव्हा एंटेरोव्हायरस गटाचा विषाणू आढळला. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. आपल्यापैकी ज्या पाषाणमार्गे पुण्याला जातात त्यांनी सूस रस्त्यावरचे तिचे आवार पाहिलेही असेल. अशीच साथ १९७१ साली देशभर आली होती. बंगालमध्ये तिला लोकांनी 'जय बांगला' असे नाव ठेवले होते. त्याआधी १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात ती दिसली, आणि माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमारास आली म्हणून तिला तेथे 'अपोलो ११' म्हणू लागले. नाव कोठे काय पडेल सांगता येत नाही!

हा विषाणू डोळ्याचा रहिवासी नव्हे, तो बाहेरून येतो. आणि येतो तो नजरेने नव्हे. आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की आपले डोळे येतात, ही समजूत चुकीची आहे. तो येतो हातावरून, टॉवेलवरून, उशीच्या अभ्र्यावरून. म्हणून काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, पण साथ थांबवतो तो साबण. अशी साथ बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. जंतूंसाठी असलेली औषधे विषाणूवर चालत नाहीत, उगाच घातली तर आपल्या त्या गरीब रहिवाशांना मात्र मारतात.

स्वच्छतेचे बळ किती आहे, याचे एक उदाहरण देते. आपल्या आजीच्या काळी खुपऱ्या हा रोग घरोघर असे. पापणीच्या आत खरखरीत फोड येत, पापणी आत वळे, केस बुबुळावर घासत आणि शेवटी आंधळेपण येई. त्याचे कारण क्लॅमिडिया नावाचा एक जंतू. हात, फडकी आणि माश्या यांवरून तो मुलांच्या डोळ्यांत जाई. सरकारने १९६३ मध्ये त्याविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. औषध, पाणी, संडास आणि धुतलेले तोंड यांच्या बळावर साठ वर्षे काम चालले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग भारतातून गेला. मुलांची तोंडे धुणाऱ्या लाखो आयांचा त्यात वाटा आहे. त्यांची नावे कोठे छापली गेली नाहीत, निदान आपल्या स्मरणिकेत तरी त्यांची आठवण राहू द्या.

आता काजळाविषयी. येथे आपण माझ्यावर रागवाल. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालणारे बोट कितीही मायेचे असले तरी ते बोट आहे, आणि काजळ ही काजळी आहे. दृष्ट लागू नये असे वाटत असेल तर तीट गालाला लावा, तळपायाला लावा. डोळा मोकळा ठेवा. तीच गोष्ट मधाची, दुधाची आणि पाल्याच्या रसाची. त्यांत जंतूंना खाऊ आहे, आणि जखम झालेल्या डोळ्यात तो आपण स्वतःच्या हाताने वाढतो. आणि ज्यांच्या लेकी डोळ्यांत लेन्स घालून कॉलेजात जातात त्यांनी त्यांना विचारा, लेन्स लावताना हात धुतेस का, आणि ती नळाच्या पाण्याने तर धूत नाहीस ना? लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांवरची जंतूंची वस्ती त्वचेवरच्या वस्तीसारखी होत जाते, असे न्यूयॉर्कच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळले आहे.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नेपाळात भक्तपूर नावाचा जिल्हा आहे. आपल्यासारखाच भातशेतीचा. तेथे गावच्या स्वयंसेवकांना शिकवून तयार केले. डोळ्याला पाते, काडी, कुसळ लागले की माणूस त्यांच्याकडे येई, ते तपासून क्लोरँफेनिकॉलचे मलम तीन दिवस देत. २००१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. बुबुळाला ओरखडा पडलेली ४४२ माणसे होती. त्यांपैकी २८४ जणांना लागल्यापासून १८ तासांच्या आत उपचार मिळाला, त्यांच्यात एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत उपचार मिळालेले १०९, त्यांत चौघांना झाला. आणि ज्या ४९ जणांनी एक दिवस उलटून जाऊ दिला त्यांच्यात चौदा जणांना झाला. या पाहणीत उपचार न घेतलेल्यांचा वेगळा गट नव्हता, म्हणून यश किती मलमाचे हे नेमके सांगता येत नाही. तसे मलम आपण घरी आणून ठेवावे असेही मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे. पण तासांचा हिशेब आपल्यालाही करता येतो. संध्याकाळी चारला लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत डोळा डॉक्टरांनी पाहिला पाहिजे. आमच्या घरी आठ दिवस गेले.

ते का गेले? अज्ञानाने गेले, हे खरे. पण पहिला दिवस गेला तो भातामुळे. "भात काय दवाखान्यात झोडायचं?" या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. नुसते "काळजी घ्या" म्हणून खळ्यावरची बाई दवाखान्यात जात नाही. तिची पाळी दुसरे कोणी उचलील तरच ती जाते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्याकडे इर्जिकीची चाल आहे. एकाचे काम अडले की गाव हात लावते. यंदा भातकापणीपासून झोडणी संपेपर्यंत आपण आपसांत पाळ्या लावू. कोणाच्या डोळ्याला काही लागले तर दोघींनी निघावयाचे: एकीने तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावयाचे, आणि दुसरीने तिच्या खळ्यावर उभे राहून तिच्या वाटच्या पेंढ्या झोडावयाच्या. याला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. वहीत नावे लिहिली की झाले.

वही मी आणली आहे. पहिले नाव माझे लिहिले आहे, आणि मी दुसऱ्या कामाला, पेंढ्या झोडावयास, नाव दिले आहे. वय झाले आहे, पण आत्याबाई पासष्टीत झोडीत होत्या, मग मला काय धाड भरली आहे? फराळाला बसण्यापूर्वी आपण सर्वजणी ती वही एकदा हातात घ्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.